डाव्या बाजूची गादी

१

दारव्ह्याच्या बसस्टँडमागे माझं दुकान आहे. पाटीवर ‘रहमत कुशन वर्क्स’ असं लिहिलंय, पण जुने लोक अजून पिंजाऱ्याचं दुकानच म्हणतात. माझे अब्बा कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. मी जीपच्या सिटा शिवतो. धंदा तोच, फक्त झोपणाऱ्यांच्या जागी बसणारे आले.

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मला भुताखेताच्या गोष्टी आवडत नाहीत. आमच्या गल्लीत दर चार घरांमागे एकाला काहीतरी दिसलेलं असतं, आणि ज्याला दिसतं त्याला नेमका कामधंदा नसतो. मला असतो. म्हणून जे सांगायचं ते मी सीट शिवतो तसं, एकेक टाका घालत सांगणार आहे. तुम्हाला कुठे उसवायचं असेल तर उसवा.

गोष्ट २००६ च्या फेब्रुवारीतली. त्या दिवसांत पेपर उघडला की रोज यवतमाळ, रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्या. शहरातून गाड्या भरून लोक यायचे, गळ्यात कॅमेरे, आणि माझ्या दुकानात पाणी पिऊन विचारायचे की कापसाचा शेतकरी कुठे भेटेल. जणू तो कुठेतरी ओळीने मांडून ठेवलेला असतो. खरं म्हणजे त्या महिन्यात तो ओळीतच होता. खरेदी केंद्राकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग माझ्या दुकानापर्यंत यायची आणि तीन-तीन दिवस हलायची नाही. गावातली जुनी जिन बंद पडून दोन वर्षं झाली होती. सरकी काढून रुई करायचा तो कारखाना, अर्ध्या दारव्ह्याची चूल त्याच्यावर पेटायची.

त्या जिनची पिकअप एका सकाळी माझ्या पुतण्याने, शाहिदने, दुकानासमोर आणून लावली. शाहिदचं गॅरेज माझ्या शेजारीच आहे. गाडी सदुसष्ट सालची, परदेशी बनावटीची, बोजड नाकाची, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. इंजिन त्याने चालू करून दिलं होतं. सोबत जया होती, जिनचे ड्रायव्हर भीमराजभाऊ यांची एकुलती मुलगी. ती झरी जामणीकडे जंगलातल्या एका आश्रमशाळेत शिकवते.

“चाचा, सिटा राहू द्या,” ती म्हणाली. “वरची गादी तेवढी नवी करून द्या. पार फाटली.”

समोरच्या काचेखाली डॅशबोर्डच्या पत्र्यावर रेक्झिनची लांब गादी असते, ती. मी म्हटलं, “देतो बेटा. पंधरा दिवसांनी ये.”

“पंधरा दिवस नाहीत मायाजवळ. मले आठ दिवसांची सुट्टी हाय.” ती गाडीच्या मडगार्डला टेकली. “आई जाऊन दीड वर्ष झालं. बाबा खाटेवरून उठत नाहीत, चाचा. बोलत नाहीत. शेजारचे डबा देतात तं तो संध्याकाळी तसाच वापस जाते. जिन बंद झाली तवा मालकानं हे गाडी बाबालेच देऊन टाकली. आई गेल्यावर एकदाच काढली त्याईनं. चौकापर्यंत नेली, तिथंच सोडली, अन् पायी घरी आले. काहून, ते सांगतलंच नाही.”

“मग आता चालवतील असं कशावरून?”

“तीस वर्षं हे गाडीच तं होती त्याईची. नवी करून दारात उभी केली तं उठतीन. नाही उठले तं मी नोकरी सोडते. त्याईले असं टाकून मी झरीले कशी जाऊ?”

नोकरी सोडते असं ती डाळ-भात म्हणावं तशी म्हणाली, पण तिच्या शाळेतली ती एकटीच बाई मास्तर आहे हे मला माहीत होतं. मी म्हटलं, “ठेव गाडी.”

२

गादी काढणं वाटतं तितकं सोपं नसतं. खालच्या ओठाला स्क्रू असतात, ते दिसतात. काचेच्या दोन्ही कोपऱ्यांत नट असतात, ते दिसत नाहीत, आणि तिथे फक्त बारक्या माणसाचा हात जातो. मी सीटवर उताणा पडून, मान डॅशबोर्डखाली घालून दोन तास त्या नटांशी भांडलो. गंजलेल्या नटांना रॉकेल पाजलं, वाट पाहिली, शिव्या दिल्या. शिव्यांनी सुटले.

गादी उन्हाने तडकली होती. ड्रायव्हरच्या बाजूला भेगाच भेगा. डावीकडे मात्र, शेजारी बसणाऱ्याच्या समोर, एक तळहाताएवढी जागा मऊ, काळी आणि चकचकीत होती. तिथे खोलगट खड्डा पडला होता. अंगठा वेगळा कळत होता, बोटंही कळत होती. डाव्या हाताचा ठसा. करंगळीच्या शेजारचं बोट अर्ध्यावरच संपलं होतं.

मी गादी उलटी केली आणि मला हसू आलं. मागची शिवण आमच्या अब्बांची होती. टाका संपवताना ते दोरा दोनदा मागे नेऊन गाठ आत दडवायचे, ती गाठ मी कुठेही ओळखेन. म्हणजे मूळचा परदेशी फोम कधीतरी विरला असणार आणि अब्बांनी आत कापूस भरून दिला असणार. आमच्या घरची वस्तू माझ्याकडे परत आली होती.

संध्याकाळी जया डबा घेऊन चालली होती, तिला हाक मारली. “बेटा, तुझ्या आईच्या बोटाला काही झालं होतं का?”

“जिनात गेलं. मी व्हायच्या आधी. सरकी काढायच्या रेच्यात सापडलं.” तिने स्वतःचं बोट मधून दुमडून दाखवलं. “तुमाले कोणी सांगतलं?”

मी गादी दाखवली. ती खड्ड्याकडे बघत राहिली, पण हात लावला नाही. मग हसली. “बाबाजवळ आई बसली की एक हात इथं दाबून ठेवे अन् दुसरा मायावर आडवा. मी मधात. लोक बाबाले चिडवत, गाडी दीपाबाई चालवते, भीमराज नुसतं चाक धरते.”

मनाचं समाधान झालं. तीस वर्षं एकाच जागी हात दाबला तर खड्डा पडणारच. आमच्या उंबऱ्यालाही पडलाय.

३

दुसऱ्या दिवशी अब्बांची शिवण उसवून कापूस बाहेर काढला. कापूस चांगला होता, लांब धाग्याचा. अब्बांची पिंजायची कमान दुकानात भिंतीला टांगलेली असते. ती मी उगीच, हौस म्हणून उतरवली आणि तिची तात, म्हणजे दोरी, कापसाला धरली. कापूस लगेच फुलला. एक गोळा सोडून.

तो गोळा खड्ड्याखालचा. दाबून-दाबून घट्ट झालेला, जाड लोकरी नमद्यासारखा. कमानीने तो सुटेना. बोटांनी ओढला तरी सुटेना. त्याला पाच टोकं होती, त्यातलं एक आखूड.

आमच्या अब्बांचा एक नेम होता. जुनी गादी नव्याने भरताना जुन्यातला मूठभर कापूस नव्यात घालायचाच. अगदी नवरीची गादी असली तरी तिच्या आईच्या गादीतला मूठभर. नाहीतर नव्या गादीवर अंग रुळत नाही, असं ते म्हणायचे. मी हे लहानपणापासून हजारदा ऐकलंय आणि पाळलंयही. पण आता काम फोमचं. फोममध्ये कापूस घातला तर उंचवटा येतो, रेक्झिन खाली-वर दिसतं. मला ती गादी आरशासारखी हवी होती. भीमराजभाऊंनी बघितलं की डोळे दिपले पाहिजेत.

मी सगळा कापूस, त्या गोळ्यासकट, एका पोत्यात भरला. माझी बायको शहनाज मशीनवर बसली होती. तिने विचारलं, “मूठभर ठेवला का नाही?”

“ही गाडीची गादी आहे,” मी म्हणालो. “हिच्यावर कोण झोपणार आहे?”

तिने मशीन पुन्हा सुरू केलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर बायको गप्प बसली की समजायचं, हिशेब नंतर होणार.

दोन दिवसांत गादी झाली. फोम कापला, पत्र्याच्या पट्टीवर सोल्यूशनने चिकटवला, रेक्झिन उन्हात तापवून, ताणून चढवलं. शाहिद येऊन हात फिरवून गेला आणि म्हणाला, “चाचा, कंपनीचं वाटते.” मीही दिवसभर येता-जाता हात फिरवत होतो.

४

पोतं मी माझ्या मागे, भिंतीशी ठेवलं होतं. शिवताना पाठ टेकायला बरं पडतं.

पहिल्यांदा लक्ष गेलं ते दुपारी जेवून आल्यावर. पोत्याच्या वरच्या अंगाला खड्डा होता. मांजर बसलं असेल असं समजून मी पोतं थोपटून सारखं केलं. चहा पिऊन आलो तर खड्डा पुन्हा. आमच्याकडे मांजर नाही, पण शेजारी आहे. मी पोतं दुसऱ्या भिंतीला नेऊन ठेवलं.

त्यानंतर आवाज. दुपारच्या वेळी त्या दिवसांत बसस्टँडही सुस्तावतं. मशीन बंद, शहनाज घरी, बाहेर रांगेतले बैल नुसते घंटा हलवतायत. अशा शांततेत मागून बारीक कर्रर्र असा आवाज आला. कापूस हाताखाली दबताना असाच आवाज करतो. तो मी शंभर आवाजांतून ओळखेन, माझा जन्म त्या आवाजात गेलाय. थोडा वेळ गप्प. मग सोडल्याचा आवाज. मग पुन्हा दाब.

मी मागे वळलो नाही. स्वतःला म्हणालो, ऊन चढलंय, कापूस गरम होऊन फुलतो, पोतं हलतं. हे खोटं नाही. कापूस फुलतो. पण फुलताना तो दबत नाही, हे मला पिंजाऱ्याच्या पोराला कोणी शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने पोतं परत जागेवर आणलं आणि त्याला टेकून बसलो. घाबरून कुठवर चालायचं? एका जीपची सीट मांडीवर होती. तासभर काहीच झालं नाही आणि मला स्वतःचं हसू यायला लागलं. तेवढ्यात गल्लीतून एक जीप जोरात हॉर्न वाजवत डावीकडून आली, आणि त्याच्या आधी, हॉर्नच्याही आधी, माझ्या पाठीला पोत्यातून हात लागला. अंगठा, दोन बोटं, एक अर्धं, करंगळी. जोरात. ढकलल्यासारखा.

मी दाभणासकट उभा राहिलो. पोतं जागेवर होतं. पाठ घामाने भिजली होती आणि त्या एका जागी ऊबदार लागत होती. जीप निघून गेली. मी पोतं उचललं, मागच्या खोलीत नेलं, दाराला कडी घातली आणि भर दुपारी दुकान बंद करून घरी गेलो. शहनाजने विचारलं, “लवकर काहून आलात?” मी म्हटलं, “पोट दुखतंय.” 

५

सहाव्या दिवशी गादी बसवली. पोत्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं. गाडी पुसून घेतली आणि मी व शाहिद ती भीमराजभाऊंच्या दारात घेऊन गेलो. जयाने त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्यांना दीड वर्षाने बघत होतो. माणूस अर्धा झाला होता.

तिने हाताला धरून त्यांना बाहेर आणलं. गाडी बघून ते थांबले. नाकावरून, मडगार्डवरून हात फिरवला. जया माझ्याकडे बघून मान हलवत होती, डोळे भरलेले. मग ते दार उघडून आत बसले. चाक धरलं. किल्लीकडे हात नेला.

आणि मान डावीकडे वळवली. माझी ती सुंदर गादी उन्हात चमकत होती. त्यांनी हात लांब करून डावीकडची जागा चाचपली, एकदा, दोनदा, आंधळा माणूस चाचपतो तसं. मग हात मागे घेतला.

“हे कोनाची गाडी व्हय?” ते म्हणाले. दीड वर्षात मी ऐकलेलं त्यांचं पहिलं वाक्य.

“बाबा, आपलीच हाय! नवी केली.”

“आपली नोहे.” ते उतरले, आत गेले, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

जया पायरीवर बसली. रडली नाही. म्हणाली, “परवा जायचं व्हतं मले. आता अर्ज लिहून टाकते, चाचा. जाऊ द्या, तुमची काही गलती नाही.”

माझीच होती. तीस वर्षांनी त्या माणसाजवळ जे उरलं होतं, ते मी उसवून पोत्यात भरलं होतं आणि वर कडी घातली होती.

६

घरी आल्यावर शहनाजने हिशेब केला.

“मी इचारलं व्हतं, मूठभर ठेवला का? अब्बा असते तं तुमाले कमानीनं पिंजलं असतं.”

मग मी तिला सगळं सांगितलं. खड्डा, आवाज, पाठीवरचा हात. मला वाटलं ती हसेल किंवा घाबरेल. ती चहा गाळता गाळता म्हणाली, “मंग तिले जागेवर ठेवा ना. कोंडून कायले ठेवलं?”

सकाळी आठ वाजता मी मागच्या खोलीची कडी काढली. शहनाज दारात उभी राहिली, तेवढा मला धीर होता. पोत्यावर खड्डा होता. मी बिस्मिल्ला म्हटलं आणि हात घातला. गोळा वरच होता.

गादी काढली. डावीकडचा फोम हातभर कापून टाकला आणि तिथे कापूस भरला, मूठभर नाही, सगळा. मधोमध तो गोळा, जसा निघाला होता तसा, अंगठा आत आणि बोटं काचेकडे. रेक्झिन पुन्हा चढवलं. शेवटचा टाका अब्बांसारखा दोनदा मागे नेऊन गाठ आत दडवली. वरून गादी सपाट दिसत होती. मी हाताने दाबून पाहिली, सोडली की वर येत होती.

गादी गाडीत बसवून झाली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. शहनाज जेवण करायला गेली. मी गाडीत, ड्रायव्हरच्या जागेवर बसून काचेच्या कोपऱ्यातला शेवटचा नट आवळत होतो. दारं बंद होती. आत गरम होतं, नव्या रेक्झिनचा वास होता. रस्त्यावर बैलगाड्यांची रांग, गाडीवान पागोट्याने वारा घेत बसलेले. भूत दिसावं अशी वेळ नव्हतीच ती.

कर्रर्र.

मी मान न हलवता नजर डावीकडे नेली. गादीवर एक सुरकुती उठली होती. मी बघत असताना अंगठ्याची जागा खाली गेली. मग पहिलं बोट, मग दुसरं, सावकाश, बसताना माणूस हात टेकतो तसं. तिसरं अर्ध्यावर थांबलं. मग करंगळी. रेक्झिन ताणलं गेलं आणि ताणलेलंच राहिलं. डावीकडची सीट मात्र रिकामी होती. तिची स्प्रिंग खाली गेली की नाही, ते मी पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

मी दार उघडून उतरलो आणि थेट शाहिदच्या गॅरेजमध्ये जाऊन पाणी प्यायलो. त्याने विचारलं, “काय झालं चाचा?” मी म्हटलं, “नट बसला.”

७

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. भीती माझ्यासाठी नव्हती. माझ्या मनात दुसरीच गोष्ट आली होती. बाई गेली, नवरा दीड वर्ष खाटेवर पडून तिची वाट बघतोय. आता मी तिला परत गाडीत बसवलं. ती त्याला न्यायला बसली असेल तर? उद्या सकाळी मी माझ्या हाताने त्या म्हाताऱ्याला तिच्याशेजारी बसवायचं, आणि पुढे रस्ता. जयाला काय सांगायचं? सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

शेवटी एवढंच ठरवलं, की त्यांना एकटं जाऊ द्यायचं नाही. मी सोबत बसणार.

आठव्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा त्यांच्या दारात लावली. जयाची पिशवी ओसरीवर होती, बाजूला कागद आणि पेन. कागद कोरा होता. “एक शेवटचं बघू दे त्यांना,” मी म्हणालो. ती थकलेली होती, पण आत गेली.

भीमराजभाऊ आले ते लेकीच्या हट्टाखातर. बसले. चाकाला हात लावला नाही. मान डावीकडे वळली, हात लांब झाला, गादीवर पडला आणि तिथेच राहिला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना मला. ओठ हलत होते. मग त्यांनी हात काढला, किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं.

जया तोंडावर हात ठेवून मागच्या हौद्यात चढली, फळीला धरून उभी राहिली. मी डाव्या दाराशी गेलो, दार उघडलं आणि थबकलो. समोर ती जागा. मी, ज्याला भुताखेताच्या गोष्टी आवडत नाहीत, तो रहमत पिंजारी, त्या जागेवर बसलो नाही. सरकून मधोमध बसलो, गिअरच्या दांड्याला गुडघे लावून, आणि डावीकडे एका माणसाची जागा रिकामी सोडली. भीमराजभाऊंनी ते पाहिलं. 

गाडी निघाली. चौक आला, जिथे त्यांनी ती सोडून दिली होती. ओलांडला. जिनची बंद फाटकं गेली. खरेदी केंद्राच्या रस्त्याला लागलो. डावीकडे कापसाच्या गाड्या एकाला एक लागून उभ्या, पांढरे ढीगच ढीग, त्यांच्या मागचं काही दिसत नव्हतं. भाऊंनी वेग घेतला. मागून जयाचं हसणं ऐकू आलं. मी गादीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि गादीशिवाय कशाकडेही बघत नव्हतो.

खड्डा उथळ होता. उथळच राहिला. आणि मग एकदम, आवाज करत, बुडाला. पार पत्र्यापर्यंत.  मनात आलं, झालं, आली न्यायला.

भाऊंचा पाय ब्रेकवर होता. समोर काहीही नव्हतं, रस्ता मोकळा होता, तरी त्यांनी करकचून ब्रेक दाबला. मी पुढे फेकला गेलो, म्हणजे जायला हवा होतो, कपाळ काचेवर आपटायला हवं होतं. पण छातीवर काहीतरी आडवं आलं. माणसाच्या हाताएवढं रुंद, गरम. त्याने मला सीटला धरून ठेवलं, लहान लेकराला धरतात तसं, आणि मग सोडलं.

त्याच क्षणी डावीकडच्या दोन कापसाच्या ढिगांमधून एक बैलजोडी उधळत बाहेर आली, मागे रिकामी गाडी, गाडीत एक बाई दोर ओढत ओरडत होती. गाडी आमच्या नाकासमोरून, हातभर अंतरावरून, रस्ता ओलांडून गेली. पलीकडे लोकांनी बैल धरले. बाई खाली उतरून बैलांनाच शिव्या देऊ लागली.

इंजिन चालूच होतं. भीमराजभाऊंनी रस्त्याकडे पाहिलं नाही. ते गादीकडे बघत होते.

“दिसलं व,” ते म्हणाले. “दिसलं, दिसलं.”

हौद्यातून जया वाकून ओरडली, “बाबा! लागलं का तुमाले? चाचा!”

“काही नाही झालं बाई,” ते मागे न बघता म्हणाले. मग हळू आवाजात, मला एकट्याला ऐकू जाईल असं: “मले डाव्या डोळ्यानं दिसत नाही, रहमतभाई. गोवर झाला व्हता लहानपणी. जिनात कोनालेच मालूम नव्हतं, या पोरीलेही नाही. दीपा हात दाबे, मी ब्रेक मारे. तीस वर्षं.”

मी छातीवर हात फिरवला. शर्ट आडवा चुरगळला होता.

त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि गिअर टाकला. “या पोरीले पांढरकवड्यापर्यंत सोडून येतो म्हनतो,” ते म्हणाले. “तिथून झरीची जीप भेटते. अन् भूक लागली राजेहो. दीपा घरून निघाली की भाकर बांधून घे, आज कोनी बांधली नाही.” मग त्यांनी गादीकडे पाहिलं, आणि माझ्याकडे. “जरा सरकून बसा, रहमतभाई. तिले अडचन होते.”

मी सरकून बसलो.